नोटा मोजणारी बोटं

कॅन्सरचं निदान झालं की काय करायचं, हे सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. कुठला डॉक्टर, कुठल्या योजनेचे कागद, कुणाच्या मावशीला काय झालं होतं... सगळं सांगतात. उपचार संपल्यावर मात्र एकच वाक्य कानावर येतं, ‘सुटलीस बाई एकदाची!’ आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या लेखी तुम्ही एकतर ठणठणीत असता, नाहीतर कायमच्या आजारी. मधलं काही नसतंच. मला आज त्या मधल्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. माझे ते दिवस वर्षभर चालले आणि त्यांच्याविषयी आमच्या गोतावळ्यातल्या कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मी करमाळ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. 19 वर्षं झाली. 2022 च्या दिवाळीनंतर उजव्या बाजूला गाठ लागली. डिसेंबरात ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. मग बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात केमो. आधी तीन-तीन आठवड्यांनी 4, नंतर दर आठवड्याला एक अशा 12, आणि शेवटी 15 दिवस शेक. (आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात.) 2023 चा ऑगस्ट उजाडला तेव्हा मोठे उपचार संपले. घरी पेढे आले. मी पेढा उचलायला गेले, तर तो बोटांतून निसटून खाली पडला. सगळे हसले, मीही हसले. पण मला पेढा हातात आलाय हेच कळलं नव्हतं!

त्या आठवड्याच्या केमोत जे औषध असतं, पॅक्लिटॅक्सेल, ते हातापायांच्या टोकाकडच्या नसांनाही त्रास देतं. हातमोजे आणि पायमोजे जिथपर्यंत येतात, साधारण तेवढ्या भागात मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बऱ्याच जणींचा तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडाफार मागे राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण ब्लाऊजचा हुक लावून बघा बोटं बधिर असताना. निऱ्यांना पिन लावा. गरम पातेलं उचलल्यावर चटका उशिरा कळतो. पायातली चप्पल मागे राहते आणि आपण चार पावलं पुढे गेलेलो असतो. आणि माझं तर पोटच बोटांवर!

ऑक्टोबरमध्ये कामावर हजर झाले. गुलाबाचं फूल मिळालं, चहा झाला. मग साहेब फार मायेनं म्हणाले, "ताई, आता तुम्ही आराम करा. कॅशची दगदग नको. तिकडे आवक-जावकच्या टेबलावर बसा."

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण ‘आराम करा’ हे शब्द कामाच्या ठिकाणी बाईला सांगितले जातात तेव्हा जरा सावध व्हावं. सहा महिने मी त्या टेबलावर बसले असते, तर काउंटर कायमचं दुसऱ्याचं झालं असतं. कॅशचा भत्ता थोडासाच मिळतो, पण वर्षभर बिनपगारी रजा काढलेल्या घरात थोडंसुद्धा मोजून घेतात. आणि खरं सांगू? प्रश्न पैशाचा कमी होता. इतके महिने मी ‘पेशंट’ होते. त्या काचेमागे बसले की मी ‘कॅशियर मॅडम’ होते.

तरी साहेबांचंही एक खरं होतं. कॅशियरच्या बोटाला दोन चिकटलेल्या नोटा कळायलाच हव्यात. लोक म्हणतात, मशीन आहे की! अहो, मशीनला कोऱ्या, सरळ नोटा आवडतात. आमचे पिग्मी एजंट आणतात त्या दहा-वीसच्या नोटा, चार घड्या घातलेल्या, घामानं ओलसर, कोपरे फाटलेल्या. भाजीवाल्यांच्या, पानटपरीच्या. मशीन दोन मिनिटांत अडकतं. त्या हातानंच मोजाव्या लागतात. मला लोकांच्या पैशाशी खेळायचं नव्हतं आणि काउंटरही सोडायचं नव्हतं.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना माझं काम नीट समजावून सांगितलं. ‘पतसंस्थेत आहे’ एवढ्यावर थांबले नाही. किती तास बसते, काय उचलते, बोटांनी काय करते, सगळं. आणि म्हटलं, नुसतं ‘फिट’ लिहू नका, मला काय जमेल ते लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं : सहा आठवडे अर्धा दिवस काम, उजव्या हातानं चिल्लरच्या पिशव्या किंवा पेटी उचलायची नाही, दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी एक दिवसाची सुट्टी. तो कागद मी साहेबांसमोर ठेवला आणि सोबत माझा अर्ज, की रोज 11 ते 1 मला फक्त भरण्याचं काउंटर द्या, शेजारी कुणीतरी माझी बंडलं पुन्हा मोजेल, महिन्यानं तुम्हीच ठरवा. साहेबांना ‘नाही’ म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नाही. ज्या कुणी परत कामावर जायच्या विचारात असतील, त्यांनी हा कागद जरूर मागावा. शाळा असो, अंगणवाडी असो, दुकान असो. कागद बघितला की समोरच्यालाही नेमकं काय करायचं ते कळतं.

बोटांची तालीम मात्र घरी. आमच्या सासूबाईंनी वर्षभर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. एका दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "आई, ते सूप इकडे द्या."

"राहू दे गं. तुला खडा कळायचा नाही."

"म्हणूनच द्या."

त्यांनी दिलं. आणि पुढचे तीन महिने आमच्या घरी जेवढं धान्य निवडलं गेलं, तेवढं कुणाच्या घरी गेलं नसेल! वाटीत तांदूळ, वाटाणे, राजमा एकत्र करून डोळे मिटून वेगळे करायचे. जुन्या वर्तमानपत्राचे नोटांच्या मापाचे तुकडे कापून शंभराची बंडलं मोजायची. सासूबाई मुद्दाम एखादा तुकडा काढून घेत आणि गप्प बसत. 99 आले की माझ्याआधी त्याच खूश! या सरावानं नसा बऱ्या होतात असा माझा दावा नाही. त्या आपल्या गतीनं सुधारतात. पण कमी जाणवणाऱ्या बोटांकडून काम कसं काढून घ्यायचं, ते सरावानं कळतं. आता मी ओल्या स्पंजवर बोट टेकवते, रबरी टोपी घालते, आणि नोट डोळ्यांनीही बघते. पूर्वी गप्पा मारत मोजायचे, आता मोजताना बोलत नाही.

इथे एक सांगते. बधिरपणावर कुणी कसल्या गोळ्या, कुणी कसली ताकदीची पावडर सुचवतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. नसांना चांगलं म्हणून घेतलं जाणारं असंच एक पूरक औषध, ॲसिटिल-एल-कार्निटिन, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. 2013 मध्ये निष्कर्ष आला, तर त्या औषधानं बायकांचा बधिरपणा उलट वाढलेला निघाला.

थकव्याचं काय सांगू! झोपून उठलं तरी जात नाही असा तो थकवा. मला दुपारी तीननंतर खुर्चीत बसवत नसे. गंमत म्हणजे झोपून राहिल्यानं तो वाढतो आणि चालल्यानं कमी होतो, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा मला पटलं नव्हतं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग वेशीपर्यंत, आणि नवरात्र उलटून गेल्यावर एके दिवशी देवीच्या माळापर्यंत. कमलादेवीच्या देवळात बसले तेव्हा पाय थरथरत होते, पण संध्याकाळी सातलाच आडवं व्हावंसं वाटलं नाही. विसरभोळेपणाही येतो. रोजच्या खातेदाराचं नाव ओठावर येऊन अडतं. मी वहीच ठेवली, सगळं लिहून काढायचं.

फिट्झ्यू मलन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांना स्वतःला कॅन्सर झाला होता. 1985 मध्ये त्यांनी लेख लिहून या आजारातून वाचलेल्या माणसाच्या आयुष्याचे तीन ऋतू सांगितले. पहिला निदान आणि उपचारांचा, तिसरा बऱ्यापैकी निर्धास्त झाल्यानंतरचा. आणि मधला हा, उपचार संपल्यानंतरचा, भीतीचा आणि थकलेल्या शरीराचा. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे मी आळशी नव्हते, नाटकीही नव्हते, मी दुसऱ्या ऋतूत होते!

उजव्या हाताचं आणखी एक प्रकरण. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, त्यामुळे हाताला सूज येऊ शकते. ती लवकर ओळखलेली बरी. माझं माप म्हणजे बांगडी. सकाळी सैल फिरणारी बांगडी संध्याकाळी रुतायला लागली की बांगड्या उतरवून ठेवायच्या आणि दवाखान्यात दाखवायचं. पूर्वी अशा बायकांना ‘वजन उचलूच नका’ असं जन्मभरासाठी सांगत. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की देखरेखीखाली अगदी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढवलं तर सूज वाढत नाही, ताकद येते. म्हणून फिजिओथेरपिस्टला विचारून मीही अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात केली. कळशी मात्र अजून आमचे हेच भरतात, आणि ती सवय मी त्यांना मोडू देणार नाही.

बायकांच्या नजरांचं वेगळंच. 2024 च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तेव्हा डोक्यावर बोटभर केस, तेही कुरळे. एकीनं विचारलं, "पार्लरला गेला होतात का?" मला हसू आलं. दुसरी माझ्या ब्लाऊजकडे बघत होती, चोरून. आमच्या शिंपीणबाईंनी ब्लाऊजला आतून कप्पा शिवून दिला आहे, त्यात कापसाची उशी बसते. कुणाला नमुना हवा असेल तर मी खुशाल दाखवते.

तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, तो काही जात नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज आहे, निदान पाच वर्षं. तिच्यामुळे काउंटरवर बसल्या बसल्या अंगातून गरम वाफा निघतात. पंखा मी आधीच मागून घेतला होता! आणि तपासणीच्या प्रवासाबद्दल एक माहिती, कारण अनेकींना वाटतं सवलत फक्त उपचारापुरती. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण, तर सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत मिळते, आणि ती नियमित तपासणीला जातानाही असते. रुग्णालयातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. जेऊरहून गाडी पकडून मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.

2024 चा मार्च एंड मी पूर्ण वेळ काउंटरवर काढला. शेजारचा मुलगा माझी बंडलं पुन्हा मोजायचा, ते त्यानं फेब्रुवारीतच बंद केलं होतं.

टेरेस लॅसर नावाच्या एका अमेरिकन बाईनं 1952 मध्ये स्वतःच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या अशा बायकांना जाऊन भेटायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे जगभर पसरली. आमच्या गावात अशी काही सोय नाही, पण आता बायका आपणहून माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतली एक जण आली. शिवणकाम करते, केमो नुकत्याच संपल्यात. "ताई, सुईत दोरा कधीपासून ओवता येईल?" एवढंच तिनं विचारलं. तारीख मी कशी सांगणार? मी विचारलं, मशीन मोटरचं की पायाचं? पायाचं होतं. म्हटलं, मग आधी पायांकडे बघ. मागे पट्टा असलेली चप्पल घाल, रात्री तळवे तपास, कुठे लागलंय का ते. बोटात अंगुस्तान घाल, कारण सुई टोचलेली कळणार नाही. दोरा ओवायची पत्र्याची ओवणी बाजारात मिळते, ती घे. आणि ब्लाऊज इतक्यात घेऊ नकोस, उशीचे अभ्रे घे.

काल तिचा निरोप आला. दोन अभ्रे झालेत. काज-बटणांचं काम तिनं जावेकडे सोपवलंय, सध्यापुरतं.