पऱ्हाटीचा जाळ आणि टाकीचा भाव

इंधनाच्या दरवाढीवर सत्ताधारी आणि विरोधक भांडतात तेव्हा हिशेब फक्त गॅसच्या टाकीचा होतो. परभणी जिल्ह्यातील भूमिहीन मजुराच्या चुलीचा हिशेब वेगळा आहे. कापसाच्या या मुलखात वेचणी संपली की पऱ्हाटी उपटतात; तेच चुलीचे जळण. पण पऱ्हाटी ज्याच्या रानातली, त्याची परवानगी लागते. तिची किंमत कधी फुकटच्या कामात, कधी मुकाट्याने ऐकून घेण्यात चुकवावी लागते.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. तिने जोडणी दिली, १४.२ किलोची टाकी पुन्हा भरायची ती मात्र मजुरीतून. मार्च २०२३ मध्ये मुंबईतच तिचा भाव १,१०० रुपयांवर गेला. उज्ज्वलाचे अनुदान मागाहून बँकेत जमा होते. पैसे आधी मोजावे लागतात. रेशनच्या रॉकेलवरील केंद्राचे अनुदानही २०२० पर्यंत संपले. मग बाई पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर.

१९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी पडीक जमीन मागितली. तो प्रश्न भाकरीपुरता नव्हता. ज्याची जमीन, त्याचेच जळण. म्हणून टाकी स्वस्त करा म्हणताना गायरानावरचा हक्कही मागितला पाहिजे. चूल पेटवण्यासाठी कुणापुढे वाकावे लागू नये.