लेखाखालच्या त्या दोन ओळी : तुमची लिंक ग्राहक आणते की नुसती जागा अडवते?



आपल्या एका कार्यशाळेत एक ताई आल्या होत्या. नाचणी सत्त्व, भाजणी, लाडू असा घरगुती व्यवसाय. 'नाचणी सत्त्व गुठळ्या न होता कसं शिजवावं' असा सुरेख लेख त्यांनी एका वेबसाईटसाठी लिहिला होता. कितीतरी आयांनी तो वाचला, एकमेकींना पाठवला. आणि ऑर्डर किती आल्या? एकही नाही. ताई वैतागून म्हणाल्या, "सर, लिहून काही होत नाही. दोन रात्री जागले, फुकट गेल्या."

मी लेख उघडला. लेख उत्तमच होता. पण खाली लेखक परिचय होता तो असा :

"लेखिका बी.एस्सी. असून एक यशस्वी उद्योजिका आहेत. त्यांना वाचन व प्रवासाची आवड आहे."

त्याखाली ओळीने पाच लिंक. सत्त्वाचा उल्लेखच नाही! वेबसाईटची लिंक दाबली तर पान उघडेना. डोमेनचे पैसे भरायचे राहून गेले होते.

म्हणजे लेखाने ग्राहक दारापर्यंत आणून सोडला आणि दाराला कुलूप. असं तुमचं होऊ नये म्हणून आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू

"जास्त ठिकाणी लेख टाका, खाली लिंक द्या, गुगलवर वर याल" असा सल्ला अजूनही दिला जातो. एके काळी हे चालायचं. 'इझीनआर्टिकल्स'सारख्या साईटवर लोक ढिगाने लेख टाकायचे, ते केवळ खालच्या लिंकसाठी. मग फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलचा 'पांडा' हा बदल आला आणि अशा साईटना मोठा फटका बसला. जानेवारी २०१४ मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनीही निव्वळ लिंकसाठी दुसऱ्यांच्या साईटवर लेख लिहिणं थांबवा, असं जाहीरपणे लिहिलं. शिवाय अनेक साईट परिचयातल्या लिंकला 'नोफॉलो' लावतात, म्हणजे "या लिंकची शिफारस आमची समजू नका" असं गुगलला सांगतात.

मग लिंक द्यायचीच कशाला? कारण ती गुगलसाठी नाहीच, माणसासाठी आहे. लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाचा तुमच्यावर थोडा तरी विश्वास बसलेला असतो. त्याच क्षणी त्याला पुढची पायरी दाखवायची.

परिचयात काय लिहायचं?

तीनच गोष्टी : तुम्ही काय करता, या विषयावर तुमचं का ऐकावं, आणि वाचकाने आता काय करावं. ताईंचा परिचय आम्ही असा बदलला :

"मी घरीच नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून सत्त्व करते. किती सत्त्वाला किती पाणी, याचा छोटा तक्ता केला आहे. सत्त्व शिजवण्याचा तक्ता मोफत घ्या."

बघा, 'यशस्वी उद्योजिका' गेलं, पण विश्वास वाढला. मोड आणून दळते म्हटल्यावर वेगळी फुशारकी लागत नाही. लिंकचे शब्दही बघा. 'येथे क्लिक करा' म्हटलं तर काय मिळणार ते कळत नाही, 'तक्ता घ्या' म्हटलं की कळतं.

लिंक कुठे न्यायची?

बहुतेक जण इथेच चुकतात. लिंक थेट वेबसाईटच्या पहिल्या पानावर नेतात. सत्त्वाबद्दल वाचून आलेल्या बाईला तिथे भाजणी, लाडू, 'आमच्याविषयी' असं सगळं दिसतं आणि ती परत फिरते. लेख ज्या विषयाचा, लिंक त्याच विषयाच्या पानावर न्या. त्या पानावर तक्ता असू दे आणि त्याखाली सत्त्वाचं पाकीट, वजन, किंमत.

लिंक शक्यतो एकच. पाच दिल्या तर वाचक निवडत बसत नाही, पुढे निघून जातो.

वेबसाईट नाही? हरकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक करा : 'डब्ल्यूए डॉट एमई', मग तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचा शून्य नको, मध्ये जागा नको. घरचा नंबर देऊ नका. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा.

आणि ही युक्ती लिहूनच ठेवा. या लिंकमध्ये मेसेज आधीच भरून ठेवता येतो. एका लेखासाठी "नाचणीचा लेख वाचला, तक्ता हवा आहे", दुसऱ्यासाठी "भाजणीचा लेख वाचला". ग्राहकाने फक्त पाठवायचं. कोणता लेख ग्राहक आणतोय, ते तुम्हाला आपोआप कळतं.

लेख पाठवण्याआधी

- संपादकांना विचारा : परिचय किती शब्दांचा चालेल? लिंक चालेल का? व्हॉट्सअ‍ॅपची चालेल का? न विचारता दिलेली लिंक बऱ्याचदा काढली जाते.
- लेख छापील अंकात येणार असेल तर तिथे लिंक दाबता येत नाही. क्यूआर कोड द्या.
- लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. स्वतःच्या फोनवर सगळं ठीकच दिसतं.
- लेख नेटवर वर्षानुवर्षं राहतो. डोमेनची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दर तीन महिन्यांनी जुन्या लिंक तपासा.

ताईंनी संपादकांना विनंती केली, त्यांनी परिचय बदलून दिला. काही दिवसांनी ताईंचा मला फोन आला, "सर, 'नाचणीचा लेख वाचला' असे तीन मेसेज आलेत!" तीनच. पण त्यातल्या एकीने तक्ता घेतला आणि आठवड्याने दोन पाकिटं मागवली. लेखातला एक शब्दही आम्ही बदलला नव्हता.

आता तुमचा गृहपाठ. तुमचा एखादा जुना लेख उघडा, परिचय मोठ्याने वाचा आणि स्वतःला विचारा : हे वाचून अनोळखी माणूस आता नेमकं काय करेल? उत्तर सापडलं नाही तर आजच दोन ओळी नव्याने लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपची लिंक कशी बनवायची, हे व्हिडिओत मोबाईलवर करून दाखवलं आहे. तो बघत बघतच करा. भेटू पुढच्या भागात!