वरून रंग, आतून सड!

शेंदूरजनाघाट म्हटले की संत्री आठवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या गावाचे नाव बोटीशी जोडून कोणी घेत नाही. बोट म्हणजे मुंबई-कोकणचा विषय, वऱ्हाडात बोटीचे काय काम, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु हा प्रश्न विचारण्यापूर्वी दोन तारखा आठवाव्यात. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने शेजारच्या मोवाड गावातील २०४ जणांचा बळी घेतला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचा अफाट जलाशय आहे. तालुक्यात लहानमोठी धरणे आणि तलाव आहेत. त्यावर पोट भरणारे भोई, ढिवर, कहार बांधव आहेत. तेव्हा बोट हा आमच्याही जगण्यामरण्याचा विषय आहे.

आमच्या भागातील एका तलावाच्या काठावर, बाभळीखाली, फायबरची एक जुनी बोट अनेक दिवस उपडी पडून होती. लांबी सुमारे सोळा फूट. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालीत. विशेष म्हणजे ही बोट एकदा 'दुरुस्त' झालेली होती! दुरुस्ती म्हणजे काय, तर भेगांमध्ये पुट्टी भरली, वरून निळा रंग फासला आणि पाहणीच्या दिवशी ती काठावर चकचकीत उभी केली. ज्याने काम केले त्याला पैसे मिळाले आणि ज्याने पाहणी केली त्याने सही ठोकली. त्यानंतर त्याच बोटीत आम्ही चौघे जण बसून तलावाच्या मध्यावर गेलो असता पायाखालची फळी भसकन खचली आणि तळातून पाणी आत येऊ लागले. डब्याने पाणी उपसत उपसत कसेबसे काठाला लागलो. त्या दिवशी वाचलो, म्हणून आज हा लेख लिहीत आहे.

बोट भंगारात द्यावी, असे सर्वांचे मत पडले. फक्त म्हातारे मच्छिमार काका तयार नव्हते. ते मला म्हणाले, "गुरुजी, वरून नोका पाहू. वाजवून पाहा. मडकं घेतांनी वाजवून घेता नं, तसंच हे." त्यांनी एक लहान हातोडी घेतली आणि बोटीवर वीतभर अंतराने ठोके मारायला सुरुवात केली. जेथे फायबर घट्ट होते तेथे टणटणीत आवाज आला. जेथे आतून सुटले होते तेथे आवाज बद्द झाला. काका त्या त्या जागेभोवती खडूने रेघ ओढीत गेले. तासाभरात बोटीचा संपूर्ण नकाशा तयार झाला. पुढचा डेक जवळजवळ सगळाच बद्द, मागे मोटार बसवायची आडवी फळी बद्द, तळाला मात्र एकच लांब भेग आणि दोन-तीन फोड. म्हणजे ज्या तळाला सर्वजण नावे ठेवीत होते तो बराचसा शाबूत होता, आणि ज्या डेकवर आम्ही विश्वासाने पाय ठेवला तोच कुजलेला होता.

हे कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. फायबरची बोट म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची मॅट आणि तिला घट्ट धरणारे रेझिन. हे स्वतः कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. परंतु डेक ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवूड घालतात. मग कोणीतरी कडी बसवण्यासाठी, बाक ठोकण्यासाठी त्यात स्क्रू पिळतो आणि ते भोक उघडेच राहते. त्यातून थेंब थेंब पाणी आत शिरते. वरच्या थराला काही होत नाही, पण आतल्या लाकडाचा भुसा होतो. डेकखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल तर तोही वर्षानुवर्षे पाणी पीत राहतो. परिणामी बोट जड होते आणि पाण्यात खोल बसते. पूर्वी जी बोट सहा माणसे सहज नेत होती तिच्यासाठी तीच सहा माणसे जास्त होतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. रंग फासून ठेवलेली बोट ही उघड फुटलेल्या बोटीपेक्षा अधिक धोकादायक असते ती यामुळे! फुटक्या बोटीत कोणी बसत नाही. रंगवलेल्या बोटीत माणूस लेकराबाळांसह बसतो.

आता ही दुरुस्ती करणार कोण? मुंबईहून कारागीर आणणे परवडणारे नव्हते. उत्तर आमच्या जवळच होते. आज गावोगावी बाबासाहेबांचे आणि तथागतांचे जे पुतळे बसतात, त्यांतले कितीतरी फायबरचे असतात, कारण ब्राँझ सर्वांना परवडत नाही. ते घडवणारी आपलीच मुले आहेत. असा एक तरुण मूर्तिकार आम्ही गाठला. तीच मॅट, तेच रेझिन, तोच हार्डनर, तोच ब्रश. त्याने बोट पाहिली आणि म्हणाला, "सर, पुतळा आतून पोकळ असते, पण भिंत एकसारखी पाह्यजे. बोटीचंही तसंच. फक्त पुतळ्याले माणसं न्यावं लागत नाही." या शेवटच्या वाक्यातच सगळी जबाबदारी आली.

काम उन्हाळ्यात काढले. प्रथम बोट चांगली वाळू दिली, कारण ओल्या फायबरवर नवा थर धरत नाही. मग खडूच्या रेघेवरून ग्राइंडर चालवून डेकचा फक्त वरचा थर कापला आणि झाकणासारखा उचलून बाजूला ठेवला. आतून काळा, ओला भुसा निघाला. हाताने खरवडून टोपलीभर काढला. पाणी प्यालेला फोमही काढून टाकला. आतली पोकळी आठ दिवस उन्हात ठेवली. नवे प्लायवूड घेताना आयएस ७१० चा शिक्का पाहून मरीन प्लाय घेतला. साधा प्लाय स्वस्त मिळतो, परंतु तो घालणे म्हणजे नव्या सडण्याची सोय करणे होय. प्लायच्या सर्व कडांना आधी इपॉक्सी पाजले, तो खाली घट्ट बसवला, वजने ठेवली आणि जुने झाकण वर चिकटवून सांध्यावर मॅटचे थर दिले. कड्यांची भोके मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि त्या भरीव जागेत नवे भोक पाडून स्क्रू बसवला. आता पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. मोटारीच्या फळीलाही असेच नवे लाकूड घातले. काढलेल्या फोमच्या जागी पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम घातला. तो वगळून चालत नाही, कारण बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगती ठेवणारा तोच असतो.

तळाच्या भेगेचे काम त्याहून जोखमीचे. भेग पुट्टीने भरली की ती दिसत नाही, पण तिच्यात ताकद येत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने उतार काढावा लागतो. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे ६० मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या बारापट. या पसरट खळगीत मॅटचे थर एकावर एक द्यायचे. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो, म्हणून पाच थर लागले. प्रत्येक थर रोलरने दाबून आतली हवा काढायची. राहिलेला बुडबुडा म्हणजे उद्याची भेग. फोड फोडले तेव्हा त्यांतून व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी आले. ते गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग इपॉक्सीने भरले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या पॉलिस्टर फायबरवर इपॉक्सी चांगले धरते, परंतु इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. हा क्रम चुकला तर सगळी मेहनत पापुद्र्यासारखी निघून येते.

वऱ्हाडातला उन्हाळा पारा पंचेचाळीसपर्यंत नेतो. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर लागतो. आमच्या मूर्तिकाराने कमीतकमी घेतला आणि तरीही दुपारी डब्यातले रेझिन हातातच गोळा झाले. त्यानंतर काम पहाटे पाच ते आठ. शिवाय जिवाची काळजी! हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो किंवा स्फोट होतो. काचेची धूळ फुप्फुसात जाते. चष्मा, मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा यांशिवाय हे काम कोणी करू नये. नाकाला फडके बांधून रेझिनच्या वाफेत दिवसभर राबणारी आपली मुले पाहिली की प्रश्न पडतो, या देशात कष्टकऱ्याच्या फुप्फुसाची किंमत एका मास्कएवढीही नाही काय?

बोट म्हटली की चळवळीच्या माणसाला 'पद्मावती' आठवते. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सत्याग्रहाला आलेल्या प्रतिनिधींसह याच बोटीने मुंबईहून निघाले आणि दासगावमार्गे महाडला गेले. खुष्कीच्या मार्गावर मोटारवाले आयत्या वेळी नकार देतील अशी शंका होती, म्हणून पाण्याचा मार्ग निवडला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या बोटीचा तळ कोणी राखला, तिच्या भेगा कोणी भरल्या, याचा विचार आपण कधी करतो काय? नाव चालवणाऱ्याचे आणि नाव सांधणाऱ्याचे ज्ञान या व्यवस्थेने कधी ज्ञान म्हणून मोजलेच नाही. हातोडीच्या आवाजावरून सड ओळखणारे आमचे काका सही करू शकत नाहीत आणि ज्याला सही करता येते त्याला हातोडी मारावीशी वाटत नाही! ही विषमता जीव घेते.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिला लाभार्थ्यांना ६० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद झाली. मच्छिमार संस्थांनी अशा योजनांचा लाभ जरूर घ्यावा. परंतु नवी बोट मिळाली की आपले काम संपले, असे समजू नये. बोट देताना ती राखायची कशी आणि सांधायची कशी, हेही शिकवले गेले पाहिजे. फायबर टाकून दिले तर ते वर्षानुवर्षे मातीत जिरत नाही आणि जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून जी सुधारता येते ती भंगारात काढणे हा दुहेरी तोटा आहे. मात्र जिचा तळ जागोजागी सुटला आहे किंवा कणाच मोडला आहे तिचा मोह धरू नये. दुरुस्ती म्हणजे हट्ट नव्हे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आयटीआयमध्ये आणि मच्छिमार संस्थांमध्ये फायबर दुरुस्तीचे प्रशिक्षण द्या. आपले मूर्तिकार तेथे शिक्षक होऊ शकतात. पुराच्या वेळी लागणाऱ्या सरकारी बोटी उन्हात पडू देऊ नका, पावसाळ्यापूर्वी रंग न पाहता हातोडी मारून तपासा. अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ ने मोटार नसलेल्या नावांच्याही नोंदीची तरतूद केली आहे. ती नोंद कागदावर न राहता काठावर होऊ द्या. आणि प्रत्येक बोटीवर माणशी एक लाइफ जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू देऊ नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची बोट पाण्यात उतरली. आधी काठालगत उथळ पाण्यात वाळूची पोती भरून तिला रात्रभर ठेवले. सकाळी काकांनी पोती काढून तळावर हात फिरवला. हात कोरडा होता. मग पाण्यापासून काठ किती वर राहतो ते मोजले आणि मूर्तिकाराला रंगाचा डबा आणायला सांगितले. बोटीचे नाव लिहायचे असेल असे आम्हाला वाटले. काका म्हणाले, "नाव मांगून लिहू. आधी माणसं किती, ते लिही." दोन्ही बाजूंना ठळक अक्षरे उमटली: 'फक्त ६ माणसे'. त्या बोटीवर लागलेला हा पहिला प्रामाणिक रंग होता.