स्कार्फ घालून कोर्टवर

नवीन पनवेलच्या एखाद्या घरातल्या मुलीचं नाव कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आलं, की आनंदाआधी दोन प्रश्न उभे राहतात. सामना मुंबईत असला तर मगरिबनंतर ती घरी कशी येणार? आणि स्कार्फ घालून तिला खेळू देतील का? पहिल्याचं उत्तर हार्बरची गाडी आणि सोबत कोण, यावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर २०१७ सालीच मिळालं आहे.

बिल्किस अब्दुल-कादिरला मात्र ते वेळेवर मिळालं नाही. ही मुलगी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलची सुरुवात केली, ती याच गावात. शाळेत असताना बिल्किसने ३,०७० गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात तोवर कुणा मुलाने किंवा मुलीने इतके केले नव्हते. पुढे मेम्फिस विद्यापीठाकडून ती हिजाब घालून खेळली. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात असं खेळणारी ती पहिलीच. २०१३-१४ चा शेवटचा हंगाम ती इंडियाना स्टेटकडून खेळली आणि संघ आपल्या गटाच्या साखळीत अव्वल आला. अशा हंगामानंतर परदेशातल्या व्यावसायिक संघांची दारं उघडतात. तिच्यासाठी ती बंद झाली, कारण ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात डोकं झाकायला परवानगी नव्हती.

नियम सुरक्षिततेसाठी आहे, असं सांगितलं जाई. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार दिला आणि स्पर्धा सोडली. त्याच वर्षी आशिया चषकात आपल्या भारतीय संघातल्या शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळावं लागलं. त्यामुळे प्रश्न एकट्या मुसलमानांचा राहिला नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो लवकर सुटला. मे २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला. १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. बिल्किसचं कॉलेज संपून तेव्हा तीन वर्षं उलटली होती.

हा खेळ आपल्या घरांना परका नाही. मुंबईच्या नागपाड्यात तो गल्लीगल्लीतल्या पोरांनी वाढवला. भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. पण नागपाड्याची कीर्ती मुलांची आहे. मुलींना तेवढी मोकळीक कुणी दिली?

आता नियम काय म्हणतो ते पाहा. २०१७ च्या नियमात स्कार्फ काळा, पांढरा किंवा संघाच्या पोशाखाच्या मुख्य रंगाचा हवा होता. चेहरा झाकलेला नको. चेहऱ्याभोवती, मानेभोवती उघडबंद करायचं काही नको आणि कुठलाही भाग बाहेर लोंबता नको. म्हणजे टाचण्या लावलेली ओढणी चालणार नाही. डोक्यावरून घालायचा, अंगाबरोबर बसणारा स्पोर्ट्स हिजाब घ्यावा. हातापायांवर घट्ट बाह्या घालायच्या असतील तर त्यांचा रंग संघात सगळ्यांचा एकच लागतो, म्हणून हे बोलणं प्रशिक्षकाशी हंगाम सुरू होण्याआधी करावं. ते बोलायला अम्मी किंवा अब्बा स्वतः गेले तर उत्तम. आणि गेलात, तर तिचा एखादा सरावही उभं राहून बघा.