शिधा आणि ८० तास

अमेरिकेतील निर्धन कुटुंबांना धान्य, दूध, भाजीपाला आदी जिन्नस खरेदी करण्यासाठी सरकारकडून जे साहाय्य मिळते, आणि जे १९६४ च्या कायद्यापासून दीर्घकाळ ‘फूड स्टॅम्प’ या नावाने सर्वपरिचित होते (२००८ पासून त्याचे नाव ‘स्नॅप’), त्याला १९९६ साली, अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, एक कडक अट जडली. धडधाकट आणि मुलाबाळांचा भार नसलेल्या प्रौढाने महिन्याकाठी ८० तास नोकरी, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा केल्याचे शाबीत केले नाही, तर ३६ महिन्यांत त्याला अवघे ३ महिने साहाय्य मिळावे, असा हा दंडक. अपंग व्यक्ती आणि गर्भवती स्त्रिया यांना त्यातून माफी आहे. प्रारंभी पन्नाशीच्या आतल्यांपुरती असलेली ही अट २०२३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत आणि २०२५ च्या कायद्याने ६४ वर्षांपर्यंत नेली. बेघर व माजी सैनिक यांना मध्यंतरी लाभलेली सूटही त्याच वेळी काढून घेण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कायदा काम मागतो, पण ते पुरवण्याची हमी देत नाही. अटीचा खरा जाच, माझ्या मते, श्रमापेक्षा शाबितीत अधिक आहे. उपाहारगृहात भांडी घासणाऱ्याच्या पाळ्या मालकाने कमी केल्या आणि त्याचे तास ७० वर आले, तर त्या माणसाला कोणी आळशी म्हणणार नाही. परंतु दफ्तरात तो महिना त्या तिनांपैकी एक म्हणून खर्ची पडू शकतो.