अरण्यातील संगणक आणि पेनड्राइव्हची तजवीज

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाले आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहू लागले, की गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाचा बाह्य जगाशी असलेला संबंध कित्येकदा तुटतो, आणि पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले म्हणजे अगदी जवळचे भामरागडही परके होते. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा पाया घातला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या त्या अरण्यात माडिया गोंडांची शुश्रूषा आरंभिली, त्या काळी संगणक कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता; आज मात्र कचेऱ्यांचे दफ्तर आणि शाळांचे दाखले संगणकाच्या हवाली झाले आहेत. अशा मुलखात ऐन पावसाळ्यात एखाद्या संगणकाची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बिघडली, तर ती नव्याने बसवायची कशी, हा प्रश्न शहरातल्याहून निराळा आहे.

पूर्वी या कामी सीडी अथवा डीव्हीडी लागे. आता बहुतेक नव्या लॅपटॉपांत तिची खाचच नसते, आणि तिचे काम ८ जीबीचा पेनड्राइव्ह करतो. कार्यप्रणालीची आयएसओ फाइल नुसती त्यावर उतरवून भागत नाही. रूफससारख्या प्रोग्रॅमने ती अशा रीतीने लिहावी लागते, की यंत्र सुरू होताच त्याला आरंभीच्या आज्ञा तेथे सापडाव्यात. या लेखनात पेनड्राइव्हवरील सर्व जुना मजकूर नष्ट होतो. पुढे यंत्र चालू करताच एफ१२, एस्केप किंवा त्या कंपनीने नेमलेली अन्य कळ दाबून यादीतून यूएसबी निवडले, की प्रतिष्ठापना सुरू होते. डिस्कचे विभाग पाडण्याचा पडदा आला म्हणजे मात्र थांबावे: येथील एका चुकीच्या होकाराने वर्षानुवर्षांचे दस्तऐवज पुसले जातात, म्हणून त्यांची नक्कल आधीच अन्यत्र ठेवलेली असावी.

माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि सर्वांत उपेक्षित, पायरी म्हणजे फाइलची शहानिशा. उतरवताना एखादा अंश गळाला, तर ते कळते ते नेमके अरण्यात पोचल्यावर. प्रकाशक फाइलबरोबर ६४ अक्षरांची एसएचए-२५६ ही खूण देतात. आपल्या फाइलची खूण काढून ती अक्षरशः जुळते का, हे गावी निघण्यापूर्वीच पाहावे.

डेबियन या मुक्त कार्यप्रणालीची छोटी ‘नेटइन्स्ट’ फाइल शहरात सोयीची, परंतु ती उरलेले सामान आयत्या वेळी इंटरनेटवरून मागते; हेमलकशासाठी पूर्ण आवृत्तीच घ्यावी. डेबियनची प्रतिष्ठापना मराठीतूनही करता येते, हा तिचा आणखी एक गुण. अनेक यंत्रे असलेल्या शाळेत पीएक्सई या नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या पद्धतीने एकाच संगणकावरून स्थानिक केबलद्वारे बाकीच्यांना कार्यप्रणाली पुरवता येते, आणि त्यास इंटरनेट लागत नाही. पण दोन-चार यंत्रांसाठी तो खटाटोप व्यर्थ होय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि जी अनेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ती दानात निघू लागली. शहरातील वाचकांनी अशी यंत्रे वनप्रदेशातील संस्थांना द्यावयाची ठरवल्यास आधी त्या संस्थांची गरज विचारावी, तेथे चालेल अशी कार्यप्रणाली घालून द्यावी, आणि सोबत तपासून घेतलेला एक पेनड्राइव्ह पावसाळ्यापूर्वी अवश्य पाठवावा.