विश्लेषण : अंतराळयान २४व्या शतकातले, करमणूक मात्र २०व्या शतकातली! विज्ञान मालिकांमधले भविष्य अर्धेच का बदलते?

प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावणारे यान, माणसाला क्षणात ग्रहावर उतरवणारे यंत्र, मागाल तो पदार्थ समोर हजर करणारी भिंतीतली सोय. ‘स्टार ट्रेक’च्या भविष्यात हे सगळे आहे. पण ड्युटी संपल्यावर यानावरचे लोक काय करतात? शेक्सपिअर वाचतात, जॅझ वाजवतात आणि जुन्या हेरकथा जगतात. तंत्रज्ञान शतकानुशतके पुढे गेले, मग करमणूक मागेच का राहिली?

नेमकी विसंगती काय?

मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही तिची पुढची मालिका १९८७ मध्ये आली. तिचे कथानक २४व्या शतकात घडते. तिच्यातील कॅप्टन पिकार्ड विरंगुळा म्हणून ‘होलोडेक’ या आभासी दालनात जातो आणि १९४०च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोमधला खासगी गुप्तहेर बनतो. डेटा हा यंत्रमानव शेरलॉक होम्स होतो, तर रायकर ट्रॉम्बोनवर जॅझ वाजवतो. ‘डीप स्पेस नाइन’मधली मंडळी १९६०च्या दशकातल्या लास व्हेगासमधील गायकाला ऐकायला जातात. ‘व्हॉयेजर’मधला टॉम पॅरिस तर चक्क कृष्णधवल साहसपटात रमतो. २२व्या किंवा २३व्या शतकातला गाजलेला गायक, नाटककार यांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

जुन्याच गोष्टी का दाखवतात?

पहिले कारण प्रेक्षक. गुप्तहेराची हॅट आणि पावसाळी रात्र दिसली की कथा कोणत्या वळणाची आहे, हे लगेच कळते. ३००० सालचा लोकप्रिय खेळ दाखवायचा तर आधी त्याचे नियम समजावून सांगावे लागतील. ४५ मिनिटांच्या भागात तेवढी सवड नसते. दुसरे कारण व्यवहाराचे. शेक्सपिअर किंवा मोझार्ट यांच्या कलाकृतींवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. चालू काळातले गाणे वापरायचे तर पैसे मोजावे लागतात आणि दहा वर्षांत ते शिळे वाटण्याचा धोका असतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. यंत्र कल्पनेने रचता येते, पण भविष्यातले महान गाणे दाखवायचे तर ते आज कुणीतरी लिहावे लागते!

उपकरणांचे अंदाज तरी बरोबर आले का?

काही आले. मूळ मालिकेतला झाकण उघडून बोलायचा ‘कम्युनिकेटर’ अनेकांना नंतरच्या घडीच्या मोबाइलसारखा वाटला. हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो १९७३ मध्ये. पण कम्युनिकेटर फक्त बोलण्यासाठी होता. नोंदी घ्यायला, तपासणी करायला वेगळे ‘ट्रायकॉर्डर’ खांद्याला लटकवावे लागे. ही सगळी कामे एकाच यंत्रात येतील, हे तिथे दिसत नाही.

पुढच्या मालिकांमधले ‘पॅड’ आजच्या टॅबलेटसारखे दिसते. मात्र तिथे एका अहवालासाठी एक पॅड, दुसऱ्यासाठी दुसरे, असा टेबलावर ढीग लागतो. फाइल पाठवण्याऐवजी यंत्रच हातात नेऊन दिले जाते. म्हणजे वस्तू भविष्यातली, पण सवय कागदाच्या फायलींची.

टीव्हीबद्दलचे भाकीत तर आणखी मजेदार. १९८८ मधल्या एका भागात डेटा सांगतो, की टीव्ही हा करमणुकीचा प्रकार २०४० नंतर फार काळ टिकला नाही. टीव्हीवरच्या मालिकेनेच टीव्हीचा शेवट जाहीर केला. प्रत्यक्षात मालिका बघणे थांबलेले नाही, ते मोबाइलवर आले.

बजेटचा संबंध कितपत?

बराच. यान दर आठवड्याला ग्रहावर उतरवण्याची दृश्ये परवडणारी नव्हती, म्हणून मूळ मालिकेत माणसांना थेट पोहोचवणारा ‘ट्रान्सपोर्टर’ आला. ‘नेक्स्ट जनरेशन’मधले गुळगुळीत टच पॅनलही असेच. शेकडो खरी बटणे आणि दिवे बसवण्यापेक्षा छापील पारदर्शक पट्टीमागे प्रकाश सोडणे स्वस्त होते. काटकसरीतून आलेली ही कल्पना आजच्या टचस्क्रीनच्या जवळ गेली, हा योगायोग.

विसंगतीचे उत्तर कुणी कथेतच दिले का?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या २००४ पासूनच्या मालिकेत अंतराळयानावर चक्क वायरचे फोन आहेत. पण त्याला कारण आहे. शत्रू असलेले यंत्रमानव नेटवर्कमध्ये शिरून यंत्रणा ठप्प करतात. म्हणून जुने यान संगणक एकमेकांना जोडतच नाही, आणि त्यामुळेच वाचते. जुनी वस्तू इथे चूक ठरत नाही.

मग कुणाचे भविष्य अधिक खरे वाटते?

ज्यांनी यंत्राऐवजी सवयीपासून सुरुवात केली त्यांचे. १९८७ च्या ‘मॅक्स हेडरूम’मध्ये वाहिन्यांचे इतके राज्य असते, की टीव्हीला बंद करायचे बटण ठेवणे बेकायदा असते. ‘ब्लॅक मिरर’च्या २०११ मधल्या एका भागात माणसे दिवसभर सायकली मारून गुण कमावतात आणि ते करमणुकीवर उधळतात. जाहिरात टाळायची तर गुण मोजावे लागतात. डोळे मिटले तर ते उघडायला भाग पाडले जाते. या भागात अंतराळयान नाही, तरी तो आजच्या मोबाइलधारकाला ओळखीचा वाटतो.

याउलट १९६२ ची ‘द जेट्सन्स’ ही कार्टून मालिका पाहावी. तिच्यात उडत्या गाड्या, घरकाम करणारा यंत्रमानव आणि व्हिडीओ कॉलही आहे. तरी जॉर्ज ऑफिसलाच जातो आणि त्याची पत्नी जेन गृहिणीच राहते. कॉल दिसला; त्यामुळे घरून काम करता येईल, घरातल्या भूमिका बदलतील, हे दिसले नाही.

आपण यातून काय घ्यायचे?

नवे यंत्र ओळखणे तुलनेने सोपे, त्यामुळे माणसाचा दिवस कसा बदलेल हे ओळखणे कठीण. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल रोज भाकिते होतात. त्यातली बहुतेक यंत्र काय करू शकेल याची असतात. ती ऐकताना विचारायचे ते एवढेच : हे घरात आल्यावर कोणते काम उरणार नाही, रिकामा वेळ कुणाच्या वाट्याला येणार आणि त्या वेळेत आपण काय बघत बसणार? विज्ञान मालिकांकडून सर्वाधिक सुटले ते हेच प्रश्न.